सुमेधाचं कुंकू

सुमेधाचा नवरा गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी आमच्या घरी चूल पेटली नाही. आबा दुकान बंद करून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि बराच वेळ समोर काहीच येईना तेव्हा त्यांनी आत डोकावून विचारलं, "काहून? कोण गेलं का?" आईनं पदरानं नाक पुसत सांगितलं, "सुमेधाचा मालक गेला." आबा आठवत राहिले. आमच्या गोरेगावात, शेजारच्या सेनगावात, आत्याच्या सासरी, खत-बियाणं न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांत, कुठंच त्यांना सुमेधा सापडेना. शेवटी मीच म्हणाले, "आबा, टीव्हीतली." आबांनी माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या काकूकडं पाहिलं. मग स्वतःच उठून डब्यातले वाटीभर मुरमुरे घेतले, त्यात कांदा आणि शेंगदाणे कालवले आणि ओसरीवर जाऊन कुणाशी न बोलता खात बसले. मयताच्या घरी पुरुषांनी जसं वागावं तसेच ते वागले, हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही कुणास ठाऊक.

यावरून आम्ही खुळे होतो असं कुणी समजू नये. ती मालिका आहे, त्यातली माणसं मुंबईला राहतात, डोळ्यांत औषध घालून रडतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. आई तर पाहुण्यांना तसं समजावूनही सांगायची आणि सांगता सांगता रडायची. माझ्या माहेराला हसणाऱ्या माझ्या लेकीचा परवा फोन आला, तर पलीकडून नुसते हुंदके. माझ्या हातातलं भांडं पडलं. जावयाचं काही झालं, की लेकराचं? निघालं काय, तर गाण्याच्या स्पर्धेतला तिचा आवडता पोरगा त्या आठवड्यात बाहेर पडला होता. मी आता चाळिशी ओलांडलेली आजी आहे, आमच्याकडं या वयात आजी होता येतं, आणि माझं पक्कं मत झालं आहे की खोट्या माणसांसाठी रडायला माणसाला फार बरं वाटतं. त्यात आपल्याला काही करावं लागत नाही.

आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. रंगीत टीव्ही आला तो हिंगोलीहून जीपनं, आईच्या मांडीवर बसून. केबलची तार मारुतीच्या देवळाजवळच्या लिंबाच्या झाडावरून, दोन पत्र्यांवरून आणि गोदामावशीच्या न्हाणीवरून आमच्याकडं यायची, त्यामुळं वारा सुटला की सुमेधाच्या घरातली माणसं थरथरायला लागायची. साडेसातला मालिकेचं गाणं सुरू झालं की गल्लीतल्या बाया एकेक करून आत येत. रिकाम्या हातानं कुणी येत नसे. कुणाच्या ओटीत तुरीच्या शेंगा, कुणाजवळ वातीचा कापूस, कुणाजवळ सोलायचा लसूण. उगीच टीव्ही पाहत बसली असं कुणी म्हणू नये म्हणून ही सोय होती. आईची खुर्ची मधोमध, कारण टीव्ही आमचा आणि महिला मंडळाची अध्यक्षही तीच. बाकीच्या बाया सतरंजीवर, मानपानाप्रमाणं पुढं मागं. आणि सुलाकाकू स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ लागलेलं, एक कान तव्यावरच्या भाकरीकडं. त्या दारातून टीव्हीचा अर्धाच पडदा दिसायचा. उजव्या बाजूला उभी राहणारी पात्रं काकूला दिसत आणि डावीकडच्यांचा नुसता आवाज येई. तरीही कोण काय म्हणालं हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त पाठ असायचं.

सुलाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. मी सातवीत असताना सेनगावच्या रस्त्याला जीप उलटली आणि काका गेले. काकू तेव्हा चोवीस वर्षांची होती, लेकरूबाळ नव्हतं. तिचं माहेर औंढ्याचं, दहावी झालेली. भाऊ न्यायला आले तेव्हा आबा म्हणाले, "घर तिचंच हाय, ती कुठं जायची न्हाई," आणि आबांनी तो शब्द पाळला. तिला आमच्या घरात कुणी उपाशी ठेवलं नाही, कुणी हात उगारला नाही, तिच्यासाठी दरवर्षी दोन साड्या यायच्या आणि त्या आईच्या साड्यांपेक्षा फार हलक्या नसायच्या. फक्त संक्रांतीला बाया यायच्या वेळेला ती आपली आपण उठून आतल्या खोलीत जायची. लग्नात हळद लागायची वेळ झाली की ती भांड्यांपाशी असायची. तिला कुणी सांगायला लागत नसे, आणि याचंच आमच्या घरात फार कौतुक होतं. "सुलाला किती समज हाय!" असं आई चारचौघींत म्हणायची. मीही ते कौतुक अभिमानानं ऐकत असे.

काकूचं राज्य आणलं ते लाइट जाण्यानं. त्या वर्षी संध्याकाळचं भारनियमन सुरू झालं. आठवड्यातले तीन-चार दिवस नेमकं गाणं वाजून झालं की पडदा काळा. मात्र तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा लागायचा आणि तेव्हा लाइट असायची. दुपारी दोनला गल्लीतली बाई कुठली घरी असायला? कुणी शेतात, कुणी दुकानावर, आई मंडळाच्या नाहीतर कुणाच्या तरी सोयरिकीच्या कामात. घरात काकू आणि बारावीच्या वर्गातून परत आलेली मी. काकू हात पुसायची, दाराला कडी लावायची आणि आईच्या खुर्चीवर जाऊन बसायची. अख्खा पडदा समोर ठेवून. संध्याकाळी अंधार झाला की बाया तशाच सवयीनं आमच्या ओसरीवर जमायच्या, आई कंदील लावायची, आणि गोदामावशी म्हणायच्या, "हं सुला, सांग माय. काल काय झालं?" गोदामावशी म्हणजे न्हाणीवरून तार गेलेल्या आमच्या शेजारीण, गल्लीत वयानं सगळ्यांत मोठ्या.

काकू सांगायची ते मी आजपर्यंत कुणाकडून तसं ऐकलेलं नाही. उंबऱ्यावर बसून, लसूण सोलत, आवाज न चढवता. सासू बोलायची तेव्हा ती फक्त हनुवटी वर करी. दीर बोलायचा तेव्हा सोलायचं थांबवी. पडद्यावर जे अर्ध्या तासात, निम्म्या जाहिरातींत संपे ते काकूकडं तासभर चाले. ती भर घालते आहे हे मला ठाऊक होतं, कारण दुपारी मी शेजारी बसून तोच भाग पाहिलेला असे. पण तिची भर मालिकेपेक्षा सरस असायची, म्हणून मी गप्प बसत असे. हळूहळू असं झालं की लाइट असली आणि मालिका नीट दिसली तर बाया जरा खट्टू होत. "काल काही मजा न्हाई आली," गोदामावशी म्हणायच्या.

सुमेधाच्या नवऱ्याला मारलं ते काकूनं. म्हणजे असं की, त्याच्या गाडीला अपघात झाला, त्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टर बाहेर आले, आणि तेवढ्यात आमची लाइट गेली. रात्रभर गल्ली टांगणीला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी पाहिलं तर डॉक्टर बाहेर येतात, चष्मा काढतात, सुमेधाकडं बघतात आणि भाग तिथंच संपतो. कुणी काही बोलत नाही. पण संध्याकाळी ओसरीवर काकूनं चष्म्यापर्यंत सगळं बरोबर सांगितलं, मग जराशी थांबली आणि म्हणाली, "गेला." आईनं तोंडाला पदर लावला. मी काकूकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पुढच्या भागात मालिकेनंही काकूचं म्हणणं मान्य केलं, म्हणून तिचं खोटं कुणाला कळलं नाही. त्या संध्याकाळचा स्वयंपाक कसा झाला नाही ते वर सांगितलंच आहे.

त्यानंतरचे तीन आठवडे काकूनं सुमेधाचं वैधव्य सांगितलं. पडद्यावर त्यात फारसं काही नव्हतं. सुमेधा पांढऱ्या साडीत खिडकीशी उभी राही, सासू डोळे फिरवी, मागं ढोल वाजे. काकूनं त्या ढोलांच्या जागी शब्द घातले. "मंग सासू तिला जवळ बलावून म्हनली, 'सुमेधा, पाव्हण्या यायच्या वक्ताला तू जरा आतच राहत जा. उगं कुणी काही बोललं तर तुलाच तकलीफ व्हईल.'"

"काय मेली जीभ तरी!" आई खुर्चीत पुढं सरकून म्हणाली. "वरून कशी साखर लावून बोलून राहिली बघा. कुणाच्या लेकीला असं बोलावं का?"

"किडे पडतीन तिच्या तोंडात," गोदामावशी म्हणाल्या.

मी चमकून आईकडं पाहिलं. कारण ते वाक्य, साखरेसकट, मागच्या संक्रांतीला आईनं काकूला म्हटलेलं होतं. मी तिथंच होते, तिळाचे लाडू वळत. आईनं ते मायेनंच म्हटलं होतं, यात मला आजही शंका नाही. आणि आज तीच आई त्याच वाक्याला शिव्या देत होती आणि तिला ते ओळखू आलं नाही. काकू लसूण सोलत होती. तिनं पुढचं वाक्य सांगितलं, तेही आमच्याच घरातलं. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरातली कितीतरी वाक्यं सुमेधाच्या सासूच्या तोंडी गेली, काही आबांची होती, एक माझं होतं. मी काकूला कधीतरी म्हणाले होते, "तू नको ना येऊ गॅदरिंगला, सगळ्यांच्या आया येतात." सुमेधाच्या नणंदेनं ते म्हटलं तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले.

आणि अशात बातमी आली की सुमेधा गोरेगावला येणार. बाजारपेठेत एक मोठं साड्यांचं दुकान निघालं होतं. दुकानदारानं कुणाकुणाच्या ओळखीनं तिला उद्घाटनाला बोलावलं होतं. संक्रांत होऊन गेली होती, हळदीकुंकवाचे दिवस. फीत कापली की लगेच महिला मंडळाचं हळदीकुंकू, सुमेधाच्या हस्ते वाण, असं ठरलं. नटीचं खरं नाव दुकानावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत होतं. ते आम्ही एकदा वाचलं आणि विसरलो.

अडचण लक्षात आणून दिली सरपंचीणबाईंनी. मंडळाची बैठक आमच्या ओसरीवर होती, दुपारची वेळ, काकू चहा देत होती. सरपंचीणबाई बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "समदं खरं, पण तिला कुंकू कसं लावायचं?"

कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं.

"तिचा मालक तर आता गेला," सरपंचीणबाई म्हणाल्या. "तीन आठवडेबी न्हाई झाले. आन आपण साऱ्या सवाष्णी तिच्या हातून वाण घेणार? बराबर दिसंल का ते?"

"अवो, नटी हाय ती," मी म्हणाले. "खरंखुरं कोणी मेलं नाही."

"तू गप बस, वर्षे," आई म्हणाली. "मोठ्यांचं चालू हाय."

मग वाद पेटला. एक बाजू म्हणाली, कुंकू नको, नुसता हार घालू. दुसरी म्हणाली, मग तिला बोलावलंच काहून, घरी आलेल्या लेकीचा असा अपमान? गोदामावशींना एक आशा होती. त्यांनी काकूकडं तोंड वळवलं. "सुला, तू पाहिलं ना नीट? मेलाच व्हता ना तो? न्हाईतर हे टीव्हीवाले मागून जित्ता करतेत."

सगळ्यांनी काकूकडं पाहिलं. तिच्या हातात कपांचं ताट होतं. ती एक शब्द वेगळा बोलली असती तर सुमेधाचा नवरा तिथल्या तिथं जिवंत झाला असता, प्रश्न मिटला असता आणि चहा संपवून बाया घरी गेल्या असत्या. काकू म्हणाली, "मेला. आता तो यायचा न्हाई."

तेव्हा आई उभी राहिली. माझी आई सातवीपर्यंत शिकलेली, पण त्या दिवशी ती जे बोलली ते मी पुढं कुठल्या सभेत ऐकलं नाही. ती म्हणाली की त्या पोरीनं काय पाप केलं? नवरा गेला तो तिनं का मारला? कुंकू तर ती लहानपणापासून लावत होती, ते काय नवऱ्यानं आणून दिलं होतं? तिच्या घरी सासू तिला आत बसवते, तर आपणही आत बसवायचं का? मग आपल्यात आणि त्या सासूत फरक काय राहिला? सरपंचीणबाईंनी डोळे पुसले. गोदामावशी तर हमसून रडायला लागल्या. ठराव एकमतानं झाला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी तो मंडळाच्या वहीत लिहिला: सुमेधा यांना मंडळातर्फे सन्मानानं हळदीकुंकू लावण्यात यावं, त्यांचा त्यात काही दोष नाही.

हल्ली गावोगावी असे ठराव होतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. मी ते वाचते तेव्हा मला हसू येतं. आमचा ठराव त्यांच्या कितीतरी आधीचा. फक्त तो एका बाईपुरता होता, आणि ती बाई खोटी होती.

बाया गेल्यावर काकू कप गोळा करायला आली. वही माझ्या मांडीवरच होती. "काय लिहिलं, वाच बरं," ती म्हणाली. मी वाचलं. "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. "'त्यांचा त्यात काही दोष नाही,' हे अक्का बोलल्या? ह्याच शब्दात?" अक्का म्हणजे माझी आई, तिची थोरली जाऊ. मी व्हय म्हणाले. काकूनं कप नेले, विसळले, पालथे घातले आणि ओल्या हातानं परत आली.

"वर्षे, त्या दिवशी कुंकवाचं ताट कोण फिरवणार हाय?"

"आम्ही कुंवार पोरी. मागच्या ओळी माझ्याकडं."

तिनं ओले हात पदराला पुसले. पाच वर्षांत तिनं माझ्याकडं, किंवा कुणाकडंही, काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. "मंग मी बसू का गं वळीत? शेवटच्या?"

मी सतरा वर्षांची होते. मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं. "बस ना! मी लावते तुला. बघू कोण काय म्हणतं," मी म्हणाले. त्या रात्री मला माझ्याच धिटाईच्या आनंदानं झोप लागली नाही, हे मी लाजत का होईना कबूल करते.

त्या दिवशी काकूनं ट्रंकेतली जांभळ्या काठाची साडी नेसली. काका असतानाची. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "चांगली दिसून राहिलीस सुला. भांड्यापाशी पदर खोचून घे बरं, डाग पडतीन." आईच्या मनात काही नव्हतं. तिला खरोखरच त्या साडीची काळजी होती.

मंडप शाळेच्या मैदानावर होता, मागं बायांच्या जेवणाची पातेली, आणि तिथं काकू. सुमेधा दोन तास उशिरा आली. जीपमधून उतरली ती अंगानं एवढीशी, पंजाबी ड्रेस घातलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोबाइल. आमच्या गावात तेव्हा रेंज नव्हती, त्यामुळं ती तो वर धरून दिशा बदलत होती. बायांनी तिला वेढा घातला. गोदामावशींनी दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं. "लई सोसलं माय तू," त्या म्हणाल्या.

"थँक यू, मावशी."

"लेकरं कशी हायत? बापाला इचारतेत का?"

ती हसली. "अहो, माझं अजून लग्नही नाही झालं."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. गोदामावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि आमच्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "दुःखानं असं बोलून राहिलं लेकरू."

मग स्टेजवर आईनं तिला हळद लावली, कुंकू लावलं. माइक चालू होता आणि त्यातून साऱ्या मैदानाला ऐकू गेलं, "तुझा काही दोष न्हाई, माय." मंडपात एकच हुंदका फुटला. नटीला कशाचा दोष ते कळलं नसावं, पण कसलेली होती. तिनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि पाणी काढलं, दोन्ही डोळ्यांतून सारखं. फोटोवाल्यानं फोटो घेतला. तो फोटो आमच्या ओसरीवर पुष्कळ वर्षं होता. आबा गेल्यावर आई आता कुठल्याही कार्यात स्वतःच मागं जाऊन बसते, आणि तो फोटो काढून ठेव असं तिनंच मला सांगितलं.

मला वाटतं, ही मालिका असती तर पुढचं असं झालं असतं. सुमेधाची नजर शेवटच्या ओळीतल्या काकूवर गेली असती. ती स्टेजवरून उतरली असती, तिच्यासाठी बाया बाजूला झाल्या असत्या, तिनं करंडा घेतला असता, मागं ढोल वाजले असते, आणि आईचा, गोदामावशीचा, सरपंचीणबाईंचा चेहरा तीन तीनदा दाखवला असता. प्रत्यक्षात सुमेधा चहा न घेताच जीपकडं निघाली, कारण तिला हिंगोलीत आणखी एक दुकान होतं, आणि अर्ध्या बाया तिच्यामागं धावल्या. ताटं घेऊन आम्ही पोरी ओळींत शिरलो.

माझं ताट शिगोशीग भरलेलं होतं. वसमतच्या बाजारातली हळद, लालभडक कुंकू, तिळगुळाची वाटी. मी एकेकीला लावत गेले. बोटाला सवय झाली होती. शेवटच्या ओळीत, टोकापासून दुसरी, काकू बसली होती. पदर नीट दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिच्या पलीकडं देवळाजवळच्या गल्लीतली एक बाई. काकूच्या मागं दहा पावलांवर भाताचं पातेलं होतं, झाकण ठेवलेलं. म्हणजे ती तिथून स्वतःहून उठून आली होती.

मी समोर उभी राहिले तेव्हा तिनं कपाळ पुढं केलं आणि डोळे मिटले. कुंकू डोळ्यांत सांडू नये म्हणून बाया मिटतात तसे. सवय मोडलेली नव्हती. माझं बोट कुंकवात होतं. मी ते उचललंही.

पुढं कित्येक वर्षं मी सांगत आले, नवऱ्याला, लेकीला, एकदा तर मंडळाच्या भाषणातसुद्धा, की आईनं तेव्हा लांबून डोळे वटारले आणि मी घाबरले. ते खोटं आहे. आई जीपपाशी होती, आमच्याकडं तिची पाठ होती. सरपंचीणबाई तिच्या शेजारी होत्या. माझ्याकडं कुणीही बघत नव्हतं. मला अडवायला त्या मैदानात एकही माणूस नव्हता, आणि मी वाटीतला तिळगूळ उचलून काकूच्या मांडीवरच्या हातावर ठेवला.

तिनं डोळे उघडले. हातातल्या तिळगुळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझं बोट अजून लाल होतं, ते मी ताटाखाली नेलं. पलीकडच्या बाईनं हे सगळं पाहिलं आणि ती काहीतरी बोलणार तोच काकू घाईनं तिच्याकडं वळली. "पोरीच्या ताटातलं कुंकू सरलं जी," ती म्हणाली, "लई बाया झाल्या ना."

त्या बाईनं माझ्या ताटाकडं पाहिलं. मग तिनं आपलं कपाळ पुढं केलं, आणि मी त्याच ताटातलं चिमूटभर कुंकू घेऊन तिला लावलं.